खतडेपोवरच्या ‘शून्य उत्सर्जन’ फलकाबाबत नगरपरिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,
आमची नगरपरिषद, जिल्हा सांगली.

विषय : ओल्या कचऱ्याचे ढीग पलटण्याचे काम कमी करण्याचा निर्णय आणि डेपोवरील फलक.

महोदय,

दसऱ्यानंतर आपल्या कचरा डेपोच्या फाटकावर ‘शून्य उत्सर्जन खत प्रकल्प’ असा नवा फलक लागला. त्याच सुमारास ओल्या कचऱ्याचे ढीग दर आठवड्याला पलटण्याऐवजी दीड महिन्यातून एकदा पलटावेत, म्हणजे जेसीबीच्या डिझेलचा खर्च वाचेल, असा निर्णय आपण घेतला. फलक आणि हा निर्णय यांचा मेळ बसत नाही. ढीग पलटायचे थांबले तर हवा तापवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन वाढते, आणि उत्तम पलटले तरी ते शून्य होत नाही. हे लेखी अर्जाने कळवून पाहिले, लेखी उत्तर आले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. गावाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. सांगली-सातारा पट्ट्यातल्या ज्या गावांत ढीग असेच पडून आहेत, त्या गावच्या वाचकांनाही हे पत्र आपले वाटावे अशी इच्छा आहे.

मी कृषी पदवीधर शेतकरी आहे. अडीच एकर द्राक्षबाग, एक एकर हळद आणि उरलेला ऊस असे माझे रान डेपोपासून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या गल्लीत ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय लागावी म्हणून माझी पत्नी आणि तिच्या बचत गटातल्या बायका दोन वर्षे दारोदार फिरल्या आहेत. घंटागाडी आली की दोन बादल्या घेऊन बाहेर येणाऱ्या त्या घरांना मी काय सांगू, हा प्रश्न मला पडला आहे. त्यांनी मन लावून वेगळा केलेला भाजीपाला आपल्याकडे येऊन सडत असेल, तर त्यांच्या कष्टाचा अर्धा अर्थ वाया जातो.

कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी डेपोवर गेलो होतो. सोबत घरची पहार नेली होती. शेणखताचा उकिरडा तपासायची आमची ही जुनी रीत आहे : पहार खुपसायची, दहा मिनिटे ठेवायची, मग ओढून हात लावून बघायचा. चांगल्या कुजणाऱ्या ढिगातून निघालेली पहार हातात धरवत नाही. आपल्या डेपोवरचा सर्वांत मोठा ढीग माझ्या डोक्यापेक्षा बराच उंच होता. त्यात खुपसलेली पहार वरच्या हातभर भागात गरम निघाली, त्याखाली कोमट होती आणि टोकाकडे गार. टोकाला काळा, तेलकट थर चढला होता आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येत होता. बाजूने थोडे उकरले तेव्हा गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत झेंडूचा एक हार सापडला. दसऱ्याचा असावा, म्हणजे पस्तीस दिवसांपूर्वीचा. फुलांचा रंग उतरला होता, पण दोरा, गाठी आणि फुले जशीच्या तशी होती. ढिगाच्या पायथ्याशी साचलेल्या काळ्या पाण्यातून बुडबुडे येत होते. तिथे काम करणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, “आधी आठवड्याला खालीवर करायचो दादा, आता ते मशीनच येत नाय.” त्यांच्या पायात साध्या चपला होत्या.

आपल्या भाषेत कुजणे आणि सडणे हे दोन वेगळे शब्द आहेत आणि शेतकऱ्याला त्यांतला फरक नाकाने कळतो. ढिगात हवा खेळत असेल तर जिवाणू कचरा खाऊन कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड), पाणी आणि उष्णता बाहेर टाकतात, ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, तणांचे बी आणि रोगजंतू मरतात आणि शेवटी मातीच्या वासाचे खत हाती येते. हे कुजणे. पण स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पाणीच फार असते, त्याचा उंच ढीग केला की स्वतःच्या वजनानेच तो दबतो, कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो. मग आतले प्राणवायूवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेविना जगणारे पुढे येतात. त्यांच्यापासून मिथेन तयार होतो. हे सडणे. ढिगाचा जो भाग धड हवेशीर नाही आणि धड बंदही नाही, तिथे नत्राच्या (नायट्रोजनच्या) रूपांतरात नायट्रस ऑक्साइड तयार होतो. या दोन्ही वायूंना ना रंग असतो ना तो सडका वास; वास दुसऱ्या वायूंचा असतो, पण तो येतो तेव्हा आत हवा नाही एवढे नक्की समजावे.

‘शून्य उत्सर्जन’ हा शब्द कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. कचऱ्यातून निघणारा कर्बवायू हा पिकांनी आदल्या हंगामात हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे हिशेबात तो धरत नाहीत, आणि हे बरोबरच आहे. परंतु ही सवलत फक्त कर्बवायूला आहे. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कर्बवायूच्या सुमारे २७ पट तापमानवाढ करतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट. नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात २७३ पट. कर्बवायू मोजायचा नाही म्हणून हे दोन वायूही मोजायचे नाहीत, असा नियम कुठेही नाही.

आकडे मांडतो, कारण आपल्या सभेत आकड्यांवाचून विषय पुढे सरकत नाही. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत कंपोस्टिंगसाठी सर्वसाधारण आकडा दिला आहे : एक टन ओल्या कचऱ्यामागे ४ किलो मिथेन आणि सुमारे ०.२४ किलो नायट्रस ऑक्साइड. वरच्या पटींनी गुणले तर हे सुमारे १७४ किलो कर्बवायूइतके होते. पण मला त्या सरासरीपेक्षा तिच्या दोन टोकांकडे आपले लक्ष वेधायचे आहे. त्याच मार्गदर्शिकेत मिथेनची व्याप्ती टनामागे ०.०३ किलोपासून ८ किलोपर्यंत आणि नायट्रस ऑक्साइडची ०.०६ पासून ०.६ किलोपर्यंत दिली आहे. म्हणजे टनभर कचऱ्याचे उत्सर्जन १७ किलोही असू शकते आणि ३८० किलोही. हिशेबाच्या सोयीसाठी एखाद्या गावाचा ओला कचरा रोज १० टन धरला, तर वर्षाला एका टोकाला सुमारे ६२ टन आणि दुसऱ्या टोकाला सुमारे १,३८७ टन. या वीस-बावीस पटींच्या फरकात कचरा कसला आहे याचा वाटा आहेच, परंतु ढिगात हवा किती, ओल किती आणि कोरडा माल किती मिसळला याचा वाटा फार मोठा आहे, आणि तेवढा भाग पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आता डिझेलच्या बचतीकडे पाहू. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कर्बवायू निघतो. जेसीबी तासाला पाच-सहा लिटर पितो असे धरले तरी तासाभराच्या पलटीचे उत्सर्जन सुमारे १५ किलो होते. त्या तासात कितीतरी टन माल खालीवर होतो. उलट एक टन कचरा बंद ढिगात सडून ८ किलो मिथेन सुटला, तर एकट्या त्या मिथेनचा परिणाम २१६ किलो कर्बवायूइतका होतो. नगरपरिषदेच्या जमाखर्चात डिझेलची बचत दिसते, मिथेन दिसत नाही, म्हणून हा निर्णय शहाणपणाचा वाटला असावा. त्याचा दुसरा रकाना लिहिला की तो तोट्याचा ठरतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नुसते पलटणे हा उपाय पुरेसा नाही. महिनाभर दाबून ठेवलेला ओला ढीग एकदम फोडला की आत कोंडलेला मिथेन एका दमात बाहेर येतो, अमोनियाचा भपकाराही सुटतो, आणि दोन दिवसांत तो ढीग पुन्हा दबतो. म्हणून दीड महिन्यातून एकदा पलटणे म्हणजे दोन्हीकडून तोटा. ढीग मुळातच पोकळ रचला पाहिजे. त्यासाठी कोरडा, कर्बयुक्त (कार्बनयुक्त), भरड माल लागतो. कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या एका भागामागे कर्बाचे किती भाग, सुरुवातीला २५ ते ३० च्या आसपास आणि ओलावा ५० ते ६० टक्के, एवढे साधले की निम्मे काम होते. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी खतासाठी विटांची टाकी बांधताना भिंतींत मुद्दाम भोके ठेवली, ती याच हवेसाठी. ही नाडेप टाकी महाराष्ट्रातल्या कित्येक बांधांवर आजही उभी आहे, आणि आपण मात्र यंत्रसामग्री असलेल्या डेपोत हवेचा विचार सोडून दिला आहे.

माझी पहिली तक्रार अर्थात पलटीच्या निर्णयाची आहे आणि ती वर मांडली. दुसरी तक्रार मला त्याहून जिव्हारी लागते. आपल्या डेपोवर कोरडा माल घातलाच जात नाही. ज्या जिल्ह्यात ऊसतोड सुरू झाली की संध्याकाळी पाचट पेटवल्याचा धूर शिवारावर पसरलेला दिसतो, जिथे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी झाली की द्राक्षाच्या काड्यांचे ढीग बांधावर पडतात आणि बरेच जण ते काडी लावून मोकळे होतात, जिथे हळद काढण्याआधी तिचा पाला कापून रान मोकळे करतात, त्या जिल्ह्यातल्या नगरपरिषदेने कोरडा माल मिळत नाही म्हणावे? माझ्या अर्जावर आरोग्य विभागात तोंडी मिळालेले उत्तर हेच होते. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र नावापुरते. भाजीपाल्याच्या कचऱ्यात नत्र आणि पाणी दोन्ही जास्त. हे दोन्ही एकमेकांचे पूरक आहेत हे कृषी पदविकेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. द्राक्षाच्या काड्या यंत्रातून बोटभर तुकडे करून घातल्या तर त्या लवकर कुजत नाहीत, ढिगाला आतून आधार देतात, चाळणीवर वर राहतात आणि पुन्हा पुढच्या ढिगात वापरता येतात. आज पाचट शेतात जळते आणि कचरा डेपोत सडतो. दोन्हीकडचे उत्सर्जन आपल्याच डोक्यावर बसते.

तिसरी तक्रार ग्राहक म्हणून आहे. गेल्या उन्हाळ्यात मी डेपोवरून दोन ट्रॉली खत विकत घेतले आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळद लावताना दहा गुंठ्यांत घातले.  त्या दहा गुंठ्यांतली उगवण पिवळी पडली; शेजारच्या सरींना घरचे शेणखत होते, त्या हिरव्यागार राहिल्या. अर्धकच्चे खत जमिनीत जाऊन पुन्हा कुजू लागते आणि त्यासाठी लागणारा नत्र पिकाच्या तोंडचा ओढून घेते, हे त्यामागचे कारण. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टचे कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी असले पाहिजे. मी तपासणी अहवाल मागितला, तो दाखवला गेला नाही. ढिगातून अमोनिया किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन जो नत्र उडून जातो, तो शेतकऱ्याच्या खताच्या पोत्यातून गेलेला असतो, आणि ती तूट भरायला आम्ही युरियाच आणतो. त्यामुळे ढीग नीट रचण्याचा प्रश्न हवामानाचा आहे तितकाच आमच्या बियाण्याचा, खताचा आणि खर्चाचाही आहे.

छप्पर नसणे, काळे पाणी ओढ्याकडे वाहणे, तापमानाची कसलीही नोंदवही नसणे आणि कामगारांना बूट-हातमोजे नसणे या चार गोष्टींवर मी जास्त लिहीत नाही. त्या कुणालाही जाऊन पाहता येतील. छपराबद्दल एवढेच की कृष्णाकाठच्या पावसात उघड्यावरचा ढीग जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिजत राहतो, आणि भिजलेल्या ढिगात हवा राहत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर आपण सगळ्यांनी अनुभवले आहेत. त्या पुरांचे खापर एखाद्या डेपोवर फोडण्याइतका मी अविचारी नाही. परंतु फुलोऱ्यात आलेल्या द्राक्षघडांवर अवकाळी पाऊस पडताना पाहणाऱ्या माणसाला तापणारी हवा ही दूरची गोष्ट वाटत नाही, आणि आपल्या वाट्याचे जे थांबवता येते ते थांबवावे, एवढी अपेक्षा तो आपल्या नगरपरिषदेकडून नक्कीच ठेवू शकतो.

या पत्राचा एक चुकीचा अर्थ काढला जाण्याची मला भीती आहे, म्हणून तो आत्ताच थांबवतो. खत करूनही मिथेन निघतोच, तर मग पुन्हा सगळा कचरा एकत्र टाकू, असे कुणी सभेत म्हणू नये. आयपीसीसीच्याच पद्धतीने हिशेब केला तर एक टन अन्नकचरा पाच मीटरपेक्षा उथळ उघड्या डेपोत टाकल्यास कालांतराने त्यातून सुमारे २० किलो मिथेन तयार होऊ शकतो आणि त्याहून खोल डेपोत सुमारे ४० किलो. खताच्या ढिगाची सरासरी ४ किलो आहे आणि अगदी वाईट ढीगसुद्धा ८ किलोच्या आसपास आहे. म्हणजे वेगळा केलेला ओला कचरा आणि त्याचे खत हा मार्ग बरोबरच आहे, आणि २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तो बंधनकारकही केला. घरोघरच्या बायाबापड्यांनी त्यातला आपला वाटा उचलला आहे. नगरपरिषदेचा वाटा मात्र फाटकाच्या आत अडला आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. पलटी कमी करण्याचा निर्णय येत्या सर्वसाधारण सभेत मागे घ्यावा आणि पहिला महिनाभर तरी प्रत्येक ढीग आठवड्याला पलटावा. पुढे तापमान आणि ओलावा पाहून अंतर ठरवावे, कारण गरजेपेक्षा जास्त पलटण्यानेही नत्र उडतो. ढिगांची उंची पाच-सहा फुटांच्या वर जाऊ देऊ नये. डेपोवर पाचट, काड्या आणि झाडांच्या फांद्यांसाठी वेगळी कोरडी जागा आणि तुकडे करण्याचे यंत्र असावे, आणि शेतकऱ्यांनी आणलेला कोरडा माल वजनावर घेऊन त्या बदल्यात तयार खत द्यावे. यात नगरपरिषदेला रोख पैसे मोजावे लागणार नाहीत. नव्या ढिगावर अर्धा फूट जुन्या, चाळलेल्या खताचा थर द्यावा. त्या थरातले जिवाणू वर येणाऱ्या मिथेनचा काही भाग खाऊन टाकतात आणि वासही दबतो. पावसाळ्यापूर्वी निदान सक्रिय ढिगांवर छप्पर व्हावे आणि काळे पाणी टाकीत जमा करून पुन्हा कोरड्या ढिगांवर शिंपडावे.

मंडईतला सडका भाजीपाला आणि हॉटेलांचे खरकटे फारच ओले असते. त्याचे ढीग लावण्याऐवजी ते बायोगॅसकडे वळवावे, म्हणजे मिथेन बंद टाकीत तयार होऊन जळणासाठी वापरता येईल. त्या टाकीची गळती मात्र नियमित तपासली पाहिजे. गळकी टाकी ही सडक्या ढिगापेक्षा बरी नसते.

आणि नोंदवही. तीन फूट लांबीचा दांड्याचा थर्मामीटर फार महाग नाही. प्रत्येक ढिगाचे तापमान, पलटीची तारीख आणि घातलेला कोरडा माल रोज लिहावा आणि तो तक्ता फाटकावर लावावा. विकायच्या प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल खरेदीदाराला द्यावा. ढिगावर काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराला बूट, हातमोजे आणि मास्क त्याच आठवड्यात मिळावेत. त्यासाठी सभेची वाट पाहण्याचे कारण नाही.

फलकाबद्दल माझी मागणी साधी आहे. तो उतरवावा. राज्य शासनाच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानाच्या पंचतत्त्वांत भूमीच्या शेजारी वायूही आहे, आणि भूमीसाठी खत केल्याचे सांगताना वायूचा हिशेब लपवणे योग्य नाही. फलकाच्या जागी दरमहा किती टन ओला कचरा आला, किती खत झाले आणि अंदाजे किती उत्सर्जन झाले, एवढे तीन आकडे लिहावेत. आकडा मोठा असला तरी चालेल. तो दर महिन्याला खाली येताना गावाला दिसला, तर बादल्या घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांना त्यात आपला हात दिसेल.

ऊसतोड सध्या आमच्या शिवारात आली आहे. माझ्या दीड एकराचे पाचट मी या वर्षी पेटवलेले नाही. काही रानात आच्छादनाला ठेवणार आहे आणि दोन ट्रॉली डेपोसाठी बाजूला काढल्या आहेत. शेजारच्या चार शेतकऱ्यांनीही तयारी दाखवली आहे. आपण उतरवून घ्यायला जागा आणि वरून टाकायला ताडपत्री एवढे केलेत, तर येत्या सोमवारी सकाळी मी ट्रॉली घेऊन फाटकाशी येतो. पहारही आणीन. मुख्याधिकारी महोदयांनी आणि आरोग्य समितीच्या सदस्यांनी तेव्हा तिथे हजर राहावे आणि स्वतःच्या हाताने एक ढीग तपासून पाहावा, ही विनंती.

कळावे,

आपला,
डेपोशेजारचा एक शेतकरी आणि करदाता नागरिक,
कृष्णाकाठ, जि. सांगली.